मोरीवरची बिडाची जाळी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी मोरीची जाळी आहे. जुनी, बिडाची, वीतभर लांब आणि वीतभर रुंद. भाताची पेज, मासळीचं पाणी, साबणाचा फेस आणि एका अख्ख्या कुटुंबाच्या आंघोळी माझ्यावरून वाहून गेल्या आहेत. तुम्हाला माझी किळस येत असेल. मला तुमची येते, म्हणजे आपली फिट्टंफाट झाली.

जन्माने मी हलकी नाही. भिवंडीत एक जुना माग भंगारात निघाला, त्याचं बीड ओतशाळेत वितळलं आणि त्यातून मी तयार झाले. ज्या बिडाने वर्षानुवर्षं कापड विणलं त्याच्या नशिबी मोरी आली, म्हणून सुरुवातीला मीही तोंड वाकडं करून होते. कशेळीचे लडकू नावाचे एक शेतकरी मला बाजारातून पिशवीत घालून घरी घेऊन आले. त्यांची बायको ठकुबाई हिने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या भोकात करंगळी घालून बघितली. करंगळी आत जाईना. तेव्हा ती म्हणाली, "उंदराचा पिलू बी जायाचा न्हाय." एवढं बोलून तिने मला मोरीच्या कोपऱ्यात बसवलं. त्यानंतर इतक्या वर्षांत माझं कौतुक कोणी केलं असेल तर ते तिनेच.

माझ्या खालून एक नळ जातो. तो घरामागच्या उघड्या गटारात उतरतो आणि गटार खाडीला मिळतं. त्या नळातून रोज कोण कोण वर येऊ पाहतं, याची तुम्हाला कल्पना नाही. झुरळं येतात, गोम येते, उंदीर येतात, आणि पावसाळ्यात मांजराएवढी घूस येऊन मला डोक्याने ढकलते. मी हलत नाही. माझं काम एवढंच आहे आणि ते मी वर्षाचे बाराही महिने करते.

तुम्हा माणसांची अक्कल मात्र ऋतूप्रमाणे बदलते. उंदीर दिसला की पिंजरा आठवतो. झुरळ दिसलं की फवारा मारायचा डबा येतो. मग भिंतीला लावायचं ते लाल दिव्याचं यंत्र येतं, जे म्हणे नुसत्या आवाजाने उंदीर पळवतं. या घरात तसलं एक यंत्र होतं. एकदा त्याच्यावर पाल झोपलेली मी पाहिली. आणि त्या पिंजऱ्याचा तोरा काय सांगावा! महिन्याकाठी एक उंदीर सापडला की सगळं घर गोळा व्हायचं, फोनवर फोटो निघायचे. मी रोज पाच-सहा अडवत होते, त्यांचा फोटो कोण काढणार? जो उंदीर घरात आलाच नाही, तो कुणाला दिसत नाही.

ठकुबाईला तो दिसायचा. तिला शाळा माहीत नव्हती, पण वर्ष माहीत होतं. शिमगा झाला की ती घरातले तांदूळ उन्हात टाकायची आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट पिंपात भरायची. आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, सुकट आणि बोंबील कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात जायचे. त्याच दिवसांत ती घराभोवती वाकून वाकून फिरायची आणि जिथे भोक दिसेल तिथे काचेचा चुरा घातलेलं सिमेंट दाबायची. भातकापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात, म्हणून त्या दिवसांत ती उंबऱ्याजवळ एक दाणाही पडू द्यायची नाही. आणि दर शनिवारी, वर्षभर, ती मला काढून राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची, नळात उकळतं पाणी ओतायची आणि मला परत जागेवर ठोकून बसवायची. हे करताना ती माझ्याशी बोलायचीही नाही. कामाच्या माणसाशी कामाचं माणूस कुठे बोलत बसतं?

लडकू गेले. शेतात गोदाम उभं राहिलं आणि त्यांचा मुलगा केसरीनाथ याला गावात लोक शेठ म्हणू लागले. जुनं घर पाडून गोदामाच्या पाठीमागेच त्याने नवं घर बांधलं. सगळीकडे गुळगुळीत फरशी बसवली. मोरीला बाथरूम म्हणायचं ठरलं. मला भंगारात द्यायला निघाले होते, पण ठकुबाई अडून बसली. मी नव्या फरशीत काळा डाग दिसते, अशी सुनेची, रीमाची, तक्रार होती. ती रास्त होती. मी दिसायला डागच आहे.

केसरीनाथने गोदाम एका बिस्किट कंपनीला भाड्याने दिलं. कंपनीच्या अटी कडक होत्या. गोदामाच्या भिंतीलगत उंदरांसाठी काळे डबे बसले, प्रत्येक डब्याला नंबर लागला. मितेश नावाचा औषध फवारणारा माणूस दर महिन्याला यायचा, प्रत्येक डबा उघडून बघायचा आणि कागदावर सही करायचा. केसरीनाथ ते कागद फाइलमध्ये असे जपून लावायचा, जसं काही ते त्याच्या पोरीचं प्रगतिपुस्तकच होतं. घरात त्याने कधी एक कोपरा वाकून पाहिला नाही.

इकडे ठकुबाईला साखरेच्या आजाराने धरलं होतं. तिच्या पायांतली जाणीव गेली. एकदा चुलीतला निखारा पायाखाली आला तर तिला वास आल्यावर कळलं. गुडघेही गेले, त्यामुळे वाकून मला घासणं तिला जमेना. रीमाला तिने दोनदा सांगितलं, केसरीनाथला तीनदा. दोघांनीही हो म्हटलं. या घरात हो म्हणायला खर्च येत नाही.

महिनाभरात माझ्या भोकांत शितं आणि मासळीची खवलं अडकून बसली. जुलैच्या पावसात मोरीत पाणी साचायला लागलं. मग शेठ स्वतः पहार घेऊन आला. मला वाटलं, आता घासेल. त्याने मला उचकटून काढलं आणि मागच्या दारातून अंगणात भिरकावलं. पाणी सरसर उतरलं तेव्हा तो इतका खूश झाला की बायकोला हाक मारून ते दाखवलं. स्टीलची नवी जाळी उद्याच आणतो, असंही म्हणाला. मी पेरूच्या झाडाखाली पालथी पडून त्या उद्याची वाट पाहत राहिले. मळ घासायचा होता आणि या हुशार माणसाने दारच काढून टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये गोदामाचं वर्षाचं ऑडिट आलं. कंपनीचा माणूस येणार, उंदराची एक लेंडी जरी सापडली तरी करार मोडणार, अशी हवा होती. केसरीनाथने चार माणसं लावून गोदाम धुऊन काढलं. फुटके खोके, बिस्किटांचा चुरा भरलेली पोती, कुजलेल्या लाकडी फळ्या असं सगळं बाहेर निघालं. आणि ते कुठे ठेवलं? आपल्याच घराच्या मागच्या अंगणात, माझ्या अंगावर. वर निळी ताडपत्री झाकली. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

मितेशने ते पाहिलं आणि तो थांबला. म्हणाला, "शेठ, उंदीर असा मरत नाही, सरकतो. तिकडून हाकललात, आता तो तुमच्या घरात येणार. ती मोरीची जाळी तरी लावून घ्या."

केसरीनाथ हसला. "घराचं ऑडिट कोन करतो रे?"

मित्रांनो, मी भंगारात जन्मले आणि मोरीत वाढले. पण त्या हसण्याइतकं घाण मी काही पाहिलेलं नाही.

ठकुबाईनेही त्याला सांगितलं. अंगणात खुडबुड ऐकू येते, जाळी लाव, असं ती दोन दिवस सांगत होती. तो ऑडिटच्या धावपळीत होता. ताडपत्रीखाली पहिल्याच दिवशी बिऱ्हाडं थाटली गेली. मी खालून सगळं पाहत होते. बिस्किटाचा चुरा संपत आला तेव्हा एक मोठा उंदीर गटाराच्या काठाने गेला, नळाच्या तोंडाशी उभा राहिला, त्याने वास घेतला आणि आत शिरला. वर त्याला अडवायला कोणी नव्हतं. मी हाकेच्या अंतरावर, पोत्याखाली पडले होते.

ऑडिटच्या दिवशी दुपारी ठकुबाई जेवून, मागच्या दाराला कडी घालून, तिथेच मोरीला लागून चटईवर आडवी झाली. तिथे गारवा असतो. रीमा पाहुण्यांचं जेवण घेऊन गोदामात गेली होती. चारच्या सुमारास तिची नात, पूर्वी नाव तिचं, शाळेतून आली. आजीच्या पायाशी लाल दिसलं म्हणून तिने सहज विचारलं, "आजी, पायावर कुंकू सांडलाय का?"

ठकुबाई उठून बसली आणि तिने पायाकडे पाहिलं. डाव्या पायाची दोन बोटं कुरतडलेली होती. अर्धा तास तरी उंदीर तिथे बसला असेल. तिला काहीच कळलं नव्हतं. ती पोरीला म्हणाली की घाबरू नको, बापाला बोलव. मग दोन्ही हातांनी आपला पाय धरून ती तशीच बसली, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तशी.

पोर धावत गोदामात पोहोचली तेव्हा कंपनीचा माणूस केसरीनाथशी हात मिळवत होता. गोदामाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले होते. उंदरांच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं.

ठाण्याच्या दवाखान्यात ठकुबाई तीन आठवडे होती. साखरेमुळे जखम चिघळली आणि दोन्ही बोटं काढावी लागली. पाय वाचला, हे नशीब म्हणायचं. या काळात घरात किती पिंजरे आले, किती औषधं आली, ते विचारू नका. केसरीनाथ मितेशच्या हातात नोटा कोंबत होता आणि काय वाट्टेल ते कर म्हणत होता. मितेशने त्या परत दिल्या. त्याने आधी अंगणातला ढीग उचलायला लावला. पोत्यांखाली मी सापडले तेव्हा मला उचलून शेठच्या हातात दिलं आणि तो निघून गेला.

ठकुबाई घरी आली त्या दिवशी शनिवार होता. तिला धरून आत आणलं तेव्हा केसरीनाथ मोरीत उकिडवा बसून मला राखेने घासत होता. हात मऊ पडलेले, घासणं येत नव्हतं, बोटं सोलवटली होती. आईला पाहिल्यावर त्याचा हात थांबला. चुकलं आई, एवढंच तो म्हणाला. मला त्याची कीव आली नाही. खरं सांगते, अजून येत नाही.

ठकुबाई भिंतीला धरून उभी होती. ओरडली नाही. "माझा पाय मना कलत न्हाय रे पोरा," ती म्हणाली. "पन घर तुला कलाया पायजे व्हता."

त्याने मला पुन्हा घासायला घेतलं.

आता मी परत जागेवर आहे. केसरीनाथ दर शनिवारी मला घासतो. किती दिवस घासेल, याची खात्री मी देत नाही. माणसांवर भरवसा ठेवायची चूक मी करत नाही. गोदामाच्या ऑफिसात अठ्ठ्याण्णव गुणांचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. ते अजून कोणी उतरवलेलं नाही.

मित्रांनो, मला तुमचं प्रेम नको आणि फोटोही नको. घरी जा आणि आपल्या मोरीत वाकून बघा. जाळी आहे का, जागेवर आहे का, तिच्या भोकांत काय अडकलंय, ते बोटाने काढा. पुढच्या आठवड्यात परत बघा. पावसाळा संपला म्हणून सोडू नका, उंदीर दिसत नाही म्हणून तर मुळीच सोडू नका. एवढं जमत नसेल तर निदान मला घाण म्हणू नका.

ठकुबाई रोज सकाळी आंघोळीला येते. स्टुलावर बसते आणि डावा पाय माझ्यावर टेकवते. आधी पाच बोटं टेकायची, आता तीन टेकतात. माझा गारवा तिला कळत नाही. मला तिचं वजन कळतं.