काठाला हात

रबराचा सूट आधी उलटा वाळवायचा, मग सुलटा. क्रम चुकला तर आठवडाभर बगलेचा वास जात नाही.

दादा कधी ओरडला नाही. चिडला की जेवायचा थांबायचा आणि समोरच्याचं ताट रिकामं होईपर्यंत त्या ताटाकडे बघत बसायचा.

चरबी तरंगते. हाड बुडतं.

दुकानाला किल्ल्या दोन. कुलूप दोनदा बदललं, तरी किल्ल्या दोनच.

"वन्सं, चहा ठेवू का?" असं एका बाईनं अठरा वर्षं विचारलं. दुसरीनं अठरा वर्षं उत्तर दिलं नाही. चहा मात्र रोज प्यायली.

तर ही दुसरी बाई, म्हणजे नणंद, त्या सकाळी क्लबच्या पोहण्याच्या तलावाकाठी दात-ओठ खात उभी होती. डायव्हिंग शाळेची आणि तिच्या दुकानाची ती मालकीण. खरं तर अर्धी मालकीण, आणि वाद होता तो त्या अर्ध्याचाच. शाळा तिनं आणि तिच्या थोरल्या भावानं काढलेली. गेल्या वर्षी दादा गेला आणि त्याचा वाटा वहिनीकडे आला. पण जाण्याआधी तो वकिलासमोर अट घालून गेला होता. वर्षाच्या आत बायकोनं डायव्हिंगचं निदान पहिलं सर्टिफिकेट मिळवायचं, तेही आपल्याच शाळेचं. नाहीतर वाटा बहिणीचा.

वर्ष परवा संपत होतं. वहिनीची लेखी परीक्षा झाली होती. समुद्रातल्या बुड्याही शाळेतल्या दुसऱ्या इन्स्ट्रक्टरनं करून घेतल्या होत्या. उरली होती पोहण्याची चाचणी. ती घ्यायचा अधिकार एकट्या नणंदेचा, आणि आज-उद्या करत तिनं ती इथवर ढकलत आणली होती. काउंटरवर बसणारी, सूट धुणारी बाई. हिला पोहता कुठलं येतंय?

वहिनी कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर आली. गोल, गुटगुटीत, डोक्यावर टोपी.

"बसली का टोपी?" नणंद म्हणाली. "हल्ली डोकं फार मोठं झालंय तुमचं."

"बसली की, वन्सं. तुमचीच जुनी आहे. जरा सैल होतेय."

घड्याळ घेऊन बसलेला दुसरा इन्स्ट्रक्टर उगीचच खोकला.

"दोनशे मीटर," नणंद म्हणाली. "न थांबता. काठ धरायचा नाही, तळाला पाय टेकायचा नाही. झेपत नसेल तर मास्क, स्नॉर्कल आणि फिन लावून तीनशे मीटर करा, तेही चालतं."

"नको. उद्या चारचौघांत म्हणाल, पायाला वल्ही बांधून पास झाली. किती वेळात करायचं?"

नणंदेनं नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

"वेळेची मर्यादा नाही," इन्स्ट्रक्टर म्हणाला. "आणि कसंही पोहलं तरी चालतं."

"तुला कुणी विचारलं?"

वहिनी पाण्यात उतरली, उताणी झाली आणि निघाली. दुपारी गादीवर लोळावं तशी. हात सावकाश मागे जायचे, पाय मधूनच आठवल्यासारखे हलायचे. नणंद काठाकाठानं तिच्याबरोबर चालू लागली. इतकं हळू चालायची तिला सवय नव्हती, दर चार पावलांवर थांबावं लागत होतं.

"वहिनी, गोगलगाय पुढे गेली हो तुमच्या!"

"सासरची असेल," पाण्यातून आवाज आला. "तिकडच्यांना घाई फार."

आणि बघता बघता, म्हणजे बघणाऱ्याचे पाय दुखेपर्यंत, दोनशे मीटर झाले. हिला शिकवलं कुणी? कधी?

राहिलं तरंगणं. दहा मिनिटं, कशाचाही आधार न घेता. या शाळेत त्याला दादाची एक रीत होती. परीक्षकानंही सूट न घालता उमेदवारासोबत तरंगायचं, आणि परीक्षकाचा हात काठाला लागला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एकानं काठ धरला की घाबरलेला दुसराही धरतो, म्हणून ही रीत. काठावर उभं राहून कुणाचं पाणी जोखायचं नाही, असं तो म्हणायचा.

नणंद उतरली आणि तिचा श्वासच अडकला. पाणी बर्फ होतं. क्लबवाल्यांची आज खरडपट्टी काढायची, असं तिनं मनाशी ठरवलं. अंगावर मांस नव्हतं तिच्या. थंडी थेट हाडांत घुसली.

"चालू," इन्स्ट्रक्टर म्हणाला.

माणूस संतापला की ताठतो आणि ताठला की बुडतो, हे नणंद रोज नवशिक्यांना शिकवायची. आता तिनं ते उलट बाजूनं वापरायचं ठरवलं.

"दादाला तुम्ही पसंत नव्हता. आईनं गळ्यात मारलं."

"माहीत आहे. ह्यांनीच सांगितलं होतं."

"शेवटच्या दिवसांत तुमच्याशी बोलायचासुद्धा नाही तो."

वहिनीची मान ताठली. तोंड पाण्याखाली गेलं. ती खोकली, गुदमरली, हात काठाकडे गेला आणि मध्येच थांबला. पाणी थुंकून ती पुन्हा सैल झाली.

"दहावं मिनिट लागलं," इन्स्ट्रक्टर म्हणाला.

नणंदेनं दोन हात मारले आणि तळवा काठावर टेकवला. "लागला हात. पहिल्यापासून."

इन्स्ट्रक्टरचा आ वासला. वहिनी वर छताकडे बघत होती. "लावा हो घड्याळ," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही नणंदेचा हात काठाला लागला. या वेळी तो मुद्दाम लावला की पोटरीत गोळा आला म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"पुन्हा," ती म्हणाली. दातावर दात वाजत होते.

"वन्सं, ओठ जांभळे पडलेत. निघा बाहेर."

"तुम्ही निघा!"

"मी निघाले तर नापास. तुम्ही निघालात तर नुसतं पुन्हा. मला काय, मी संध्याकाळपर्यंत आहे. अठरा वर्षं तुमचे टोमणे ऐकत पडून आहे, त्यापेक्षा हे मऊ आहे."

"मी सांगेन, पाय टेकला म्हणून!"

"मी इथे बसलोय," इन्स्ट्रक्टर खालच्या आवाजात म्हणाला. "वकिलांनी विचारलं तर दिसलं तेच सांगणार."

तिसरी खेप नणंदेनं एका जागी काढली. आता काठाकडे जायचं तर चौथी खेप भरायची होती, आणि चौथी आपल्या अंगात नाही हे तिला पुरतं कळलं होतं. ती वहिनीकडे बघत राहिली. पोट वर, बोटं पसरलेली, डोळे अर्धे मिटलेले. इतका द्वेष तिनं आयुष्यात कुणाचा केला नव्हता, आणि त्यानंही ऊब येत नव्हती.

"दहा झाली."

वहिनी शिडीनं वर आली. काठावरचा एकुलता एक टॉवेल उचलून तिनं स्वतःभोवती गुंडाळला. नणंदेच्या बोटांना शिडीचा दांडा धरवेना.

"काय लिहू?" इन्स्ट्रक्टरनं विचारलं.

"प... पास."

"ऐकू नाही आलं."

"पास! बहिरा आहेस का?"

"हळू, वन्सं, घसा बसेल," वहिनी म्हणाली. "आता शाळेची बोट समुद्रात कधी सोडायची ते दोघींनी मिळून ठरवायचंय."

आदल्या दुपारी वहिनीनं क्लबला फोन करून तलावाचा हीटर बंद ठेवायला सांगितलं होतं.