खलनायकाची परवानगी

हाइम्बोदी ओंदांग्वाच्या बाजारात निखाऱ्यावर कपाना, म्हणजे गोमांसाच्या पट्ट्या, भाजून विकायचा. दारात मावणार नाही असा देह, त्यात हातात मांस कापायचा सुरा. त्यामुळे बलात्काराच्या कायद्यावरच्या नाटकात दुष्ट मालकाचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. नाटक बसवत होत्या पोलीस ठाण्यातल्या सार्जंट हिल्मा.

तालमीत त्याला नाटकात मोलकरीण झालेल्या नदापेवाचा हात धरायचा होता.

"धरू का गं?" त्यानं विचारलं.

"अरे, विचारायचं नाही," सार्जंटबाई म्हणाल्या. "तू वाईट माणूस आहेस."

"पण हात तिचा आहे ना."

नदापेवाला हसू आवरेना. शेवटी बाईंनी हात धरणं काढूनच टाकलं. "एवढंच म्हण, 'माझ्या खोलीत ये, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस.' कायद्याला मारहाणच लागते असं नाही. धमकीनं काढलेला होकार हा होकार नव्हे."

हाइम्बोदीनं वाक्य म्हटलं आणि हळूच जोडलं, "तुला जमत असेल तर."

बाईंनी कपाळावर हात मारला.

प्रयोग मारुलाच्या झाडाखाली होता. भीतीनं हाइम्बोदीच्या तोंडून वाक्य असं घोगरं, खर्जात बाहेर पडलं की पुढच्या बायका मागे सरकल्या. नदापेवानं मान खाली घालून "बरं" म्हटलं.

तोच हाइम्बोदीची आई उठली, काठी टेकत थेट त्याच्यापर्यंत आली आणि तीच काठी तिनं त्याच्या पाठीत घातली.

"मेल्या, हेच शिकवलं का तुला?"

"आई, नाटक आहे."

"मग चांगल्या माणसाचं कर."

मागून म्हातारे ताते शिकोंगो म्हणाले, "अहो, पण पोरगी 'बरं' म्हणाली की."

आई वळली. काठी आता त्यांच्या डोक्यावर उगारलेली. "ताते, टोपी द्या बघू तुमची."

तातेंनी मुकाट्यानं टोपी काढून दिली.

"खुशीनं दिलीत?"

लोक पोट धरून हसले. सार्जंटबाईंना अजून भाषण करायचं होतं, पण त्या तशाच खाली बसल्या.

त्यानंतर बायकांनी हाइम्बोदीकडून मांस घेणं बंद केलं. नदापेवा त्याच्या निखाऱ्यांपाशी उभी राहून ज्याला त्याला सांगायची, "तो खरा तसा नाही हो."

एक बाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "पोरी, घाबरू नकोस. त्यानंच सांगितलंय ना असं बोलायला?"