आलेखावरचे दोन बिंदू

१९७१ साली सरोजिनी दिघे इंदूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. अवकाशातल्या दुर्बिणीनं घेतलेल्या मोजमापांचा एक शोधनिबंध तिनं पोस्टकार्ड टाकून अमेरिकेहून मागवला होता. बोटीच्या टपालानं तो चार महिन्यांनी हाती पडला. त्यात देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याचा उजेड मोजलेला होता. हवेत अडून जमिनीपर्यंत पोचतच नाही, तो अतिनील उजेडसुद्धा.

विभागप्रमुख अच्युतराव तेव्हा बी.एस्सी.चं पाठ्यपुस्तक लिहीत होते. त्या आकड्यांचा आलेख त्यांना पुस्तकात हवा होता. सरोजिनीनं तो ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढला. लालकडून जांभळ्याकडे रेघ उतरत गेली आणि शेवटच्या, अतिनीलच्या दोन बिंदूंशी पुन्हा वर चढली. तिनं आकडे तीनदा ताडून पाहिले.

"सरोजिनीजी, हे काय?" अच्युतराव म्हणाले. "गाभ्यात सगळे म्हातारे, लाल तारे. नवे, तप्त तारे जन्मणं कधीच बंद झालं. मग अतिनील येणार कुठून? मशीन की गड़बड़ है, और क्या!"

"असेलही, सर. पण मोजलंय, तर दाखवू या."

"पोरं गोंधळतील."

त्यांनी तिच्यासमोरच ब्लेडनं दोन्ही बिंदू खरवडले. स्नेहलतागंजातल्या घरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी तिनं सांगितलं, "सर, आकृतीखालचं माझं नाव काढून टाका."

"जशी तुमची मर्जी."

पुस्तक निघालं, आणि तेच तिला शिकवावं लागलं. त्या धड्याला तिनं फळ्यावर दोन्ही बिंदूंसकट आलेख काढला. व्हरांड्यातून जाणारे अच्युतराव थबकले आणि आत येऊन मागच्या बाकावर बसले.

"मग कारण काय, मॅडम?"

"माहीत नाही, सर. अजून कुणालाच नाही."

तास संपल्यावर त्यांनी तिच्याकडून निबंध मागून घेतला. आठ दिवसांनी परत देताना म्हणाले, "यंत्र त्यांनी नीट तपासलंय. हमने ही नहीं पढ़ा था."

दुसऱ्या आवृत्तीत बिंदू आले, खाली 'कारण अज्ञात' एवढंच. सरोजिनीला जिंकल्यासारखं वाटलं नाही. ती तेव्हा दुसऱ्या दीर्घिकांचे आकडे मांडत होती. काहींची रेघ शेवटी वर चढत होती, काहींची नाही, आणि असं का, तेही अजून कुणाला माहीत नव्हतं.