एकोणीस खुर्च्यांचे पाय

बसा जरा टेकून, एका सुताराची गोष्ट सांगतो. ओळखीतलाच आहे, हात सोन्याचा.

मंत्र्यांच्या बैठकीच्या खोलीत एक लांबलचक टेबल अन् वीस खुर्च्या. सुताराच्या बापानं केलेल्या, सगळ्या एका मापाच्या. पंतप्रधानाची मधोमध, पण केसभरही उंच नाही. बाप म्हणायचा, तो पहिला खरा, पण बरोबरीच्यांतला पहिला. वाद व्हायचे, चहा गार व्हायचा, कधीकधी पंतप्रधानही मुकाट ऐकून घ्यायचा.

मग नवे पंतप्रधान साहेब आले. त्यांचा सचिव सुताराला म्हणाला, फोटोत साहेब घोळक्यातले वाटतात. बाहेरच्या देशांचे राष्ट्राध्यक्ष बघ कसे एकटे उठून दिसतात. साहेबांची खुर्ची दोन बोटं उंच कर. आता पायाला जोड दिला तर कॅमेऱ्यात दिसणार. म्हणून पठ्ठ्यानं बाकीच्या एकोणीस खुर्च्यांचे पाय दोन-दोन बोटं कापले.

बायको म्हणाली, "एकाला चढवायला एकोणीस जणांचे पाय छाटलेस? शहाणाच आहेस." तो नुसता हसला. काम सुबक झालं होतं ना.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाठी मात्र दुखायला लागल्या, बैठका अर्ध्या तासात उरकायला लागल्या. शाळाखात्याच्या बाई तेवढ्या अजून "मला हे पटत नाही" म्हणायच्या. एकदा बैठकीनंतर सुतार खोलीत काही दुरुस्तीला आला होता, त्याच्यापाशी त्या थांबल्या.

"दादा, टेबल उंच केलंय का? हल्ली बोलायला लागले की लहान झाल्यासारखं वाटतं."

सचिव दारातच उभा. सुतार म्हणाला, "वय झालं, बाई. माणूस खचतं."

बाईंनी मान डोलावली. महिन्याभरात राजीनामा दिला, आता झेपत नाही म्हणाल्या.

आता तर बैठकच नाही. साहेब एकटेच कॅमेऱ्यापुढं बसून निर्णय सांगतात, मंत्री ते घरी टीव्हीवर बघतात. टेबल तळघरात पडलंय. सुतार दोनदा बाईंच्या फाटकापर्यंत गेला, कडीला हात लावून माघारी आला. त्यांच्या खुर्चीचे कापलेले चार तुकडे मात्र त्यानं जपून ठेवलेत. काल माझ्यापुढं ठेवले अन् मान खाली घालून बसला.

तुम्ही बाईंच्याच गल्लीतले ना? मग हे चार तुकडे घेऊन जा. त्यांच्या हातात द्या अन् सांगा, बाई, तुम्ही खचला नव्हतात. खुर्ची कापलेली होती.