उतरता आलं नाही तर लातूर

वर्षाराणीच्या लग्नात एवढंच झालं, की तूप वाढणारा माणूस विहिणीच्या ताटापाशी आला आणि तूप संपलं. लग्नात तूप संपतं, दुसऱ्या डब्यातून येतंही. पण ते येईपर्यंत वर्षाराणीच्या सासूबाई, सुमनबाई, पाटावरून उठल्या होत्या. भरल्या मांडवात त्यांनी सांगून टाकलं, "लातूरच्या मातीत पुन्हा पाय ठेवणार न्हाई." आणि ठेवला नाही.

तीन वर्षं हे चाललं आणि पुढंही चाललं असतं. पण मध्ये सृष्टी झाली. सृष्टीला केस आले, ते वाढले, आणि जावळ काढायची वेळ झाली. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणजे लातूरला. वर्षाराणीची आई सिंधुबाई म्हणाली, "विहीणबाईंशिवाय? लोक म्हणतील, पुन्हा काहीतरी संपलं." सुमनबाई नांदेडातून म्हणाल्या, "काढा की. मी कुठं अडवलं? मी येणार न्हाई एवढंच." दोघीही इतक्या नम्रपणे अडून बसल्या, की लेकराचे केस नाकाच्या शेंड्यापर्यंत आले. पोर समोरचा घास हातानं चाचपून खाऊ लागली. वर्षाराणी ते केस ऑफिसातल्या फाईलच्या क्लिपनं वर बांधायची. रोज एक क्लिप हरवायची, आणि रोज वर्षाराणीला वाटायचं, हे एकदा निघालं म्हणजे हिला जग दिसेल.

वर्षाराणी नांदेडच्या एका छोट्या विमान कंपनीत डिस्पॅचर होती. विमान उडवायचं काम तिचं नव्हतं. विमानानं कोणत्या वाटेनं यावं, किती इंधन घ्यावं, आणि उतरता आलं नाही तर कुठं जावं, हे ठरवायचं काम तिचं. पुण्याहून सकाळी येणारं सत्तर माणसांचं पंख्याचं विमान तिच्या सहीशिवाय हलत नसे. नियम असा, की विमान पोचायच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत नांदेडचं हवामान चांगलं राहील अशी खात्री नसेल, तर दुसऱ्या एका विमानतळाचं नाव आधीच लिहून ठेवायचं, आणि तिथवर जाऊन वर थोडा वेळ घिरट्या घालता येतील एवढं इंधन टाकीत असू द्यायचं. त्या हिवाळ्यात लातूरची धावपट्टी या कामाला मंजूर झाली. गोदावरीवर रोज सकाळी धुकं धरायचं. म्हणून वर्षाराणी रोज लिहायची: पर्यायी विमानतळ, लातूर.

तिचं माहेर त्या धावपट्टीच्या कुंपणाला लागून होतं.

"म्हंजी तू रोज आमचं नाव लिवतीस?" सिंधुबाईनं एकदा फोनवर विचारलं होतं.

"हाव. पण विमान तिथं येतंच असं न्हाई, माय. नांदेडला जमलं न्हाई तरच. आणि पर्यायी जागेला नियम जास्त कडक हायेत. नांदेडला थोडं कमी दिसलं तरी चालतं, लातूरला पाच किलोमीटर स्वच्छ दिसावं लागतं."

"जिथं पाव्हणा नक्की जाणार तिथं नियम कमी, आन् आला तर आला तिथं जास्त?"

"हाव."

"मुलीवाल्यांसारखंच झालं की मग," सिंधुबाई म्हणाली, आणि तिला नियम कायमचा कळला.

जानेवारीत सुमनबाई धाकट्या मुलाकडे पुण्याला गेल्या. परतीचं तिकीट याच विमानाचं होतं. आदल्या संध्याकाळी वर्षाराणी आईला सहज म्हणाली, "उद्या आई येणार हायेत पुण्याहून. नांदेडला धुकं सांगितलंय."

पलीकडे सिंधुबाई गप्प बसली. वर्षाराणीनं तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिची आई गप्प बसते तेव्हा मनातल्या मनात काहीतरी रांधत असते.

सकाळी नवरा शिवशंकर एसटीनं देगलूरच्या शाळेवर गेला. लेकरू सांभाळणाऱ्या सासूबाई आकाशात होत्या. म्हणून सृष्टी ऑफिसातच, प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात बसली होती आणि हवामानाचा शिळा अहवाल चघळत होती. खिडकीबाहेर नांदेड नव्हतं. जे होतं ते पांढरं होतं. पण लातूर स्वच्छ होतं, दहा किलोमीटर, त्यामुळे विमान निघालेलं होतं आणि सगळं नियमात होतं.

मग लातूरच्या हवामान-निरीक्षकाचा, दयानंदचा, फोन आला. दयानंद गावातलाच, सिंधुबाईला काकू म्हणणारा. किती दूरवर दिसतंय ते तो ठरलेल्या खुणा पाहून सांगायचा.

"ताई, कारखान्याची चिमणी गेली."

"गेली म्हंजे?"

"दिसंना. पाण्याची टाकीबी आता अर्धीच दिसून राहिली. दोन किलोमीटर धरा."

"लातूरला धुकं? कुणीच सांगितलं न्हाई."

"धुकं न्हाई ओ. धूर हाय." दयानंद म्हणाला. "काकूंनी हुरड्याच्या आगट्या पेटवल्यात. कुंपणाच्या कडंनं, सगळ्या गावानं मिळून. विमान इथंच उतरंल म्हणून सत्तर माणसांचा हुरडा भाजायचा म्हणल्यावर काय करतील? आन् गवऱ्या दवानं वल्ल्या."

वर्षाराणीनं डोळे मिटले. तिला ते सगळं दिसलं. ज्वारीची हिरवी कणसं, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, नवी सतरंजी, आणि या सगळ्यावर धावपट्टीभर पसरलेला, वारा नसल्यानं जागचा न हलणारा, आईच्या मायेचा धूर.

रेडिओवर कॅप्टन होते. ते अतिशय सभ्य माणूस होते.

"नांदेड अजून बंदच? मग लातूर बघू. लातूर कसं आहे?"

"लातूर सध्या नियमात बसत नाही, सर. धूर आहे."

"कसला?"

"हुरड्याचा."



"किती वेळ राहील?"

"सर, कणसं किती आहेत त्यावर आहे."

कॅप्टननी इंधनाचा हिशेब सांगितला. नांदेडवर थोड्या घिरट्या घालता येतील. तेवढ्यात लातूर मोकळं झालं तर ठीक, नाहीतर तिथूनच हैदराबादला वळायचं. हैदराबादेत सुमनबाईंची बहीण राहत होती. तिच्याकडे गेलं म्हणजे माणूस महिनाभर सुटत नसे.

दयानंदचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक करून तो म्हणाला, "ताई, पाच लिहून टाकू का? आपल्याच काकूंचा धूर हाय. पायलटला काय कळणार?"

वर्षाराणीनं खोक्याकडे पाहिलं. क्लिप पडली होती. केसांच्या पडद्यामागून सृष्टी आवाजाच्या दिशेनं, पण जरा चुकीच्या बाजूला हसत होती. पाच लिहिलं असतं तर विमान लातूरला उतरलं असतं, आणि पुढच्या रविवारीच जावळ झालं असतं. पण विमानात सत्तर माणसं होती, आणि त्यात सासूबाई होत्या.

"जेवढं दिसतंय तेवढंच लिही," ती म्हणाली. "आणि मायला फोन दे."

सिंधुबाई खोकतच आली. "आले का गं?"

"माय, आगट्या विझव."

"पाव्हणा दारात असताना विस्तू विझवायचा? येडी झालीस का?"

"विझवल्याशिवाय पाव्हणा दारात येऊच शकत न्हाई."

"मग आल्यावर खाईल काय?"

  कागदावर हात ठेवून वर्षाराणी हळूच म्हणाली, "माय, ऐक. एकदा तूप संपलं म्हणून त्या उठल्या. तुला वाटतं, या वेळेला काही कमी पडायला नको. पण या वेळेला तुझं जास्त झालंय. तुझ्या पाहुणचारातून त्यांना खालची जमीन दिसून न्हाई राहिली."

 सिंधुबाई विचारात पडली, आणि या वेळी रांधत नव्हती. मग तिचा आवाज लांबून, दुसऱ्या कुणाला तरी सांगताना आला, "अहो, घागरी आणा."

गावानं एकदम घागरी ओतल्या. ओल्या गवऱ्यांतून आधी धूर येत होता, आता वाफ आली.

"ताई," दयानंद म्हणाला, "टाकी गेली. काकूबी गेल्या. मला माझा हात दिसंना."

"माती टाका म्हणावं. पाणी नको, माती."

मागं वर्षाराणीचे वडील, श्रीमंतराव, कुणाला तरी ओरडत होते की हे मी आधीच सांगत होतो. बायका ओंजळी-ओंजळीनं माती टाकू लागल्या. आणि कुठूनसा, कुणाच्याच अंदाजात नसलेला, औशाच्या बाजूचा वारा आला. दयानंद खुणा एकेक करून मोजू लागला: "काकू आल्या. टाकी आली. चिमणी आली बघा, ताई. पुरी आली."

विमान लातूरला उतरलं.

पण दार उघडलं नाही. उतरवायला शिडी नव्हती, सामान तपासायला माणसं नव्हती. नांदेड मोकळं होईपर्यंत आत बसून राहा, असा निरोप मिळाला. गावानं हुरड्याच्या आगट्या विझवल्या तेव्हाच उतरता आलं, हे कॅप्टननी आत सगळ्यांना सांगितलंच होतं. कुंपणापलीकडे सगळं गाव, तोंडाला काजळी फासल्यासारखं, हातात अर्धी भाजलेली कणसं घेऊन उभं होतं.

खिडकीच्या सीटवरून सुमनबाईंचा फोन आला. "वर्षा, हे कुठं आणलंस मला?"

"लातूरला, आई."

"मी पाय ठेवलेला न्हाई. आधी सांगून ठेवते. चाकं ठेवली विमानानं."

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर सिंधुबाई. "त्यांना म्हणावं, आल्या म्हंजी आल्या. आता पाणी तरी घ्या."

"विचार त्यांना," सुमनबाई म्हणाल्या, "पाणी कसं घेऊ? कुंपणावरून फेकणार हाय का?"

"माय, त्या विचारतात..."

"ऐकू आलं मला. आन् हे काळं तोंड घेऊन मी त्यांना ववाळणार तरी कशी, हे बी विचार."

दोन बायका एकमेकींना दिसत होत्या, आणि बोलत होत्या नांदेडमार्गे. वर्षाराणीनं दोन्ही फोनचे स्पीकर लावले, टेबलावर समोरासमोर ठेवले आणि हात मागं घेतले. सृष्टी खोक्यातून उठून टेबलाची कड धरून उभी राहिली.

"सिंधुबाई," एका फोनमधून सुमनबाई तीन वर्षांत पहिल्यांदाच थेट म्हणाल्या, "पाव्हणा आल्यावर चूल पेटवणारे बघितलेत मी. पाव्हणा यावा म्हणून चूल विझवणारी तुम्हीच."

"चुकलंच, विहीणबाई."

"चुकलं म्हणून कसं भागंल? गावासमोर उपाशी बसवलंय मला. हे फोनवर बोलायचं हाय का? मला लई बोलायचं हाय. घरी येऊन बोलायचं हाय."

 गाव नीट ऐकत असावं.

"कधी येता?" सिंधुबाईनं अगदी हळू विचारलं.

"पुढल्या रविवारी. न्हाव्याला बी सांगून ठेवा. दुसरी खेप मी करणार न्हाई."

खिडकीबाहेर नांदेड दिसू लागलं होतं. आधी समोरचा खांब, मग रस्ता, मग रस्त्यावरचा रिक्षावाला. रेडिओवर कॅप्टन म्हणाले, "नांदेड उघडलं ना? निघतो मी. फक्त खिडकीतल्या बाईंना फोन बंद करायला सांगा. आमच्या एअर होस्टेसचं त्या ऐकत नाहीत."

"सर, थोडा वेळ द्या."

"उशिराचं कारण काय लिहू?"

वर्षाराणीनं टेबलाकडे पाहिलं. रविवारी किती माणसं, गव्हाची खीर की पुरणपोळी, यावर दोन्ही फोन आता एकाच वेळी बोलत होते, आणि सृष्टीनं दोन्ही मुठींत एकेक धरला होता.

"विहिणी," ती म्हणाली.