बर्फाच्या टाकीतलं पंचशील

एप्रिलमध्ये सिद्धेश गेला तेव्हा मी रडले नाही. याचं लोकांना फार कौतुक. आमच्या चाळीतल्या बायका म्हणाल्या, दर्शना खंबीर आहे. कसली डोंबलाची खंबीर! खोपटच्या एसटी डेपोत सकाळची ड्युटी लावता लावता माझा नवरा खुर्चीतच कोसळला, वय एकोणपन्नास, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आमच्यातल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी वाटेल म्हटलं, मग पावसाळ्यात वाटेल म्हटलं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. ऑगस्टमध्ये तिथल्या लोखंडी कपाटाचं दार माझ्या बोटावर बसलं. ओरडला शेजारी उभा असलेला मितेश. मी आपली नखाखालचं रक्त बघत उभी होते.

हा मितेश आमच्या लॅबमधला केमिस्ट. ठाकुर्लीच्या जुन्या गावातला, आगरी. त्यांच्या भातशेतीवर आता पाच मजली इमारत आहे आणि तिच्या गच्चीवर मितेशचं खूळ. काळ्या प्लास्टिकची हजार लिटरची टाकी त्याने वरून कापून घेतली, मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणायला लागला आणि दर रविवारी सकाळी लोकांना त्यात बसवायला लागला. पाण्याला किंचित बोंबलांचा वास यायचा. थंडी मोजायला माशांच्या काचपेटीतला थर्मामीटर दोरीने बांधलेला. आठ अंश, नऊ अंश.

"मॅडम, एकदा या," तो म्हणाला. "डोकं साफ होतं."

माझं डोकं साफच होतं, तीच तर अडचण होती. तरी मी गेले.

मितेश तसा काळजी घेणारा. कुठलासा कोर्स करून आलेला. गच्चीच्या भिंतीवर त्याने मार्करने नियम लिहून ठेवले होते: एकट्याने उतरायचं नाही, डोकं बुडवायचं नाही, बीपीवाल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पायही घालायचा नाही. बाहेर आल्यावर लगेच गरम पाणी अंगावर घ्यायचं नाही, गारठलेल्याला चोळायचं किंवा उभं करायचं नाही, कारण बाहेर आल्यावरही अंग आतून थोडा वेळ गार होतच राहतं. हे सगळं ठीक. घोळ होता तो वेळेचा.

सुरुवातीला मितेश मोबाइलवर वेळ लावायचा. दोन मिनिटं झाली की बाहेर. पण घड्याळ दिसलं की पुरुषांना चेव येतो. त्याने तीन मिनिटं काढली, मग मी चार काढणार. एक जण चक्कर येऊन पडल्यावर मितेशची आई, कमळाबाई, वर आली आणि तिने सगळ्यांची खरडपट्टी काढली. पासष्टची बाई. लहानपणी मिठागरात राबलेली, नंतर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली. पाण्यातलं तुम्ही तिला काय शिकवणार!

"तो मोबाइल ठेव बाजूला," ती मितेशला म्हणाली. "ज्याने त्याने आपल्या देवाचा काय असंल ता म्हनाचा. एकदा म्हनून झाला का भायेर. देवासमोर कोन शर्यत लावत नाय."

आणि खरंच शर्यती बंद झाल्या. कोणी आरती म्हणायचा, कोणी स्तोत्र. कमळाबाई शाल पांघरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि सोबत पुटपुटायची. कोणाची जीभ जडावली, कडवं चुकलं, की ती लगेच हाक मारायची, "ऊठ रे, झाला तुझा." तिला सगळं तोंडपाठ. मला तेव्हा ही पद्धत मोठी शहाणपणाची वाटली होती, आणि अजूनही ती चुकीची होती असं म्हणवत नाही.

मी काय म्हणणार? मी बौद्ध. लहानपणापासून जे येतं ते म्हटलं, त्रिसरण आणि पंचशील. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाते, हे तीनदा. दुसऱ्या वेळी सुरुवातीला 'दुतियम्पि' लागतं, तिसऱ्या वेळी 'ततियम्पि'. मग पाच शीलं. सगळं दोन मिनिटांत होतं. कमळाबाईला यातलं काही येत नव्हतं. माझ्या वेळी ती पुटपुटायची नाही, नुसते हात जोडून बसायची.

पहिल्या रविवारी पाण्यात बसले आणि छातीत सुरी घुसल्यासारखं झालं. श्वास कोंडला. दहा सेकंद मी जिवंत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग ते गेलं. पुढच्या रविवारी ते सात सेकंद टिकलं, त्याच्या पुढच्या रविवारी जेमतेम चार. मग मी पंचशील सावकाश म्हणायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. टाकीत मी सगळ्यांकडे पाठ करून बसायचे, रेल्वेलाइनच्या बाजूला तोंड करून. माझा चेहरा कोणी बघू नये इतकीच इच्छा.

घरी सान्वी होती. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, बी.कॉम.ला. मी तिला रोज विचारायचे, जेवलीस का, फी भरलीस का, छत्री घेतलीस का. तीही उत्तरं द्यायची. आमचं अगदी सुरळीत चाललं होतं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी ती म्हणाली, "आज मी पण येणारे. बघू दे तू काय करतेस ते."

गच्चीवर फक्त कमळाबाई होती. आदल्या रात्री गल्लीत एका घरी हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे पहाटेपर्यंत बेंजो आणि नाच. मितेश खाली डाराडूर झोपला होता आणि बाकीचे कोणी उगवलेच नव्हते. बर्फ मात्र संध्याकाळीच येऊन पडला होता, आणि माणसं नसल्यामुळे तो सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला. थर्मामीटर सहा दाखवत होता. मी सकाळपासून चहाही घेतला नव्हता. त्या दिवशी घरी परत जायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. मी उतरले.

त्या दिवशी एक सेकंदही दुखलं नाही.

मला आठवतं ते एवढंच. पहिल्यांदा शरण जाऊन झालं. कल्याणकडची गाडी गेली. 'दुतियम्पि' म्हटलं. पाणी छान होतं. काही घाई नव्हती. पुढचं सान्वीने सांगितलं म्हणून माहीत.

ती कमळाबाईशेजारी कट्ट्यावर बसली होती. माझा आवाज हळूहळू जाड होत गेला, शब्द एकमेकांत चिकटायला लागले. कमळाबाई हात जोडून, डोळे मिटून ऐकत होती. सान्वी उठायला गेली तर तिने हाताने दाबून खाली बसवलं.

"मधी बोलू नको, बाय. देवाचा म्हनते ना ती. आज मन लागलाय तिचा."

आमच्यात हे देवाचं नसतं, पण ते तिला कोण सांगणार? आणि तिचं तरी काय चुकलं? दुसऱ्याची प्रार्थना मध्येच तोडायची नाही, ही तिची रीत. आपल्या माणसांना ती खुशाल हाक मारून उठवायची. माझ्या बाबतीत तिने मान राखला.

सान्वीने आणखी थोडं ऐकलं. मग ती किंचाळली.

"मावशी, ती पुढे जातच नाहीये! दुसऱ्यांदाचंच म्हणतेय परत परत. अडकलीये ती!"

दोघींनी मला काखेत धरून ओढलं. माझे पाय नव्हतेच. म्हणजे होते, पण मला सापडत नव्हते. मी म्हणाले म्हणे, "मस्त वाटतंय गं, कशाला काढता." ते सान्वीला कसंबसं कळलं, कारण तोंडातून नुसती लापशी बाहेर पडत होती. ओठ शाईसारखे झालेले. आणि मी कुडकुडत नव्हते. सान्वी म्हणते, तेच सगळ्यात भयानक होतं.

कमळाबाई धावत जाऊन गरम पाण्याची बादली घेऊन आली. सान्वीने भिंतीवरचं वाचलं आणि बादली लाथेने उलटवली. हातपाय चोळू दिले नाहीत, उभी करू दिली नाही. दोघींनी माझे ओले कपडे काढले, मला तिथेच आडवी केली, हळदीच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या गोधड्या खाली-वर घातल्या आणि सान्वी त्यात शिरून मला मिठी मारून पडली. गोंधळ ऐकून मितेश वर आला आणि त्याने गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. मी पाण्यात उतरले तेव्हा सान्वीने मैत्रिणीला माझा फोटो पाठवला होता, त्यावरची वेळ त्यांनी बघितली. बाहेर काढेपर्यंत साधारण तेरा मिनिटं.

"अजून थोडा वेळ गेला असता तर मला बोलवायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाले, आणि मला दवाखान्यात हलवलं.

कमळाबाई दवाखान्याच्या दाराशी कपाळ बडवत होती. "मना वाटला तुमची पूजाच लांब असंल," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला सांगायला हवं होतं की मावशी, रडू नका, मीच ती लांबवत होते. मी गप्प राहिले. याची मला लाज वाटते.

दुपारनंतर घरी सोडलं. सान्वीने रिक्षा केली. घरी येऊन तिने मला दोन चादरी घातल्या, गुळाचा चहा दिला, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसली. मी आता मात्र कुडकुडत होते, कप दातांवर वाजत होता.

"तू मुद्दाम केलंस का?" तिने विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. कुठल्याही आईने म्हटलं असतं. पण पाच शीलांतलं एक खोटं न बोलण्याचं आहे, आणि मी तर सकाळी तिथवर पोचलेच नव्हते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "उठावंसं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं."

"तुला काही वाटत नाही हे सगळ्यांना माहितीये, मम्मी. आठ महिने बघतेय मी." तिचा आवाज फाटला. "मला वाटतं ना पण! मला रोज वाटतं. पप्पांचा डबा घासताना वाटतं, खोपटची पाटी लावलेली बस दिसली की वाटतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तुला त्रास नको म्हणून. तू एकदा तरी विचारलंस? जेवलीस का, जेवलीस का! आज तू गेली असतीस तर मी कोणाजवळ बोलले असते?"

मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हनुवटी सिद्धेशची. किती वाळली होती पोर, आणि मी रोज तिला जेवण वाढत होते. माझं बोट कपाटात सापडलं तेव्हा मितेश ओरडला होता. ही आठ महिने घरात ओरडत होती, आणि मी नळ बंद कर, पाणी जाईल, एवढंच म्हणत होते.

मला अजूनही रडू आलं नाही. पण भीती वाटली. खरीखुरी, पोटातून. ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर कणाकणाने गेली असती आणि मला कळलं नसतं.

मी चादर उचलून तिला आत घेतलं. तिचे हात माझ्यापेक्षा गार होते.

"सान्वी," मी म्हणाले, "तुला कसं वाटतंय?"

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग सांगायला लागली. बाहेर अंधार पडला, दिवा लावायला कोणी उठलं नाही, ती सांगतच होती आणि मी ऐकत होते.