माझ्या आकड्यानं मंजू चोर ठरली

मी आवाज सोडून मासे मोजणारं यंत्र बोलतोय. हसू नका. सध्या गोंदिया जिल्ह्यात, केशोरीकडच्या एका गावात, मासेमार संस्थेच्या कपाटात पडलोय. माझ्यामुळे एका बाईवर चोरीचा आळ आलाय आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझं तरुणपण रत्नागिरीच्या समुद्रात गेलं. बोटीखालून मी पाण्यात टिकटिक आवाज सोडायचो. तारलीचा थवा असला की तो आपटून परत यायचा आणि पडद्यावर ठिपके उमटायचे. खरं सांगू? मला मासा दिसतच नाही. त्याच्या पोटात हवेची बारकी पिशवी असते, तेवढी मला ऐकू येते. म्हणून तिथले साहेब एकट्या माझ्यावर भरवसा ठेवत नसत. बारीक जाळीनं पाण्यातली अंडी गोळा करून मोजत. अंडी जास्त म्हणजे आया जास्त. दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर सही. मला भारी राग यायचा. माझ्यासारख्या शहाण्याला जाळीची साक्ष कशाला?

म्हातारा झाल्यावर मला माशांचा अभ्यास करणाऱ्या पुष्पांजली मॅडमनी मागून घेतलं. त्या मूळच्या गोंदियाच्या. या गावच्या तलावात बारकी मासोळी किती उरली ते त्यांना मोजायचं होतं. रोहू-कटल्याचं बी, म्हणजे पिल्लं, विकत आणता येतं, या मासोळीचं कुठंच मिळत नाही. ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, बायका हातजाळ्यानं तीच धरतात, घरोघरी तिचंच कालवण. ती कमी भरली तर यंदा महाजाळ ओढायचं नाही, असं संस्थेनं ठरवलं होतं.

मॅडमनी मला डोंग्याला, इथल्या लाकडी होडीला, बांधलं. अंडी बघायचं काम मंजूकडे, ढिवरांचीच ती. इथल्या मासोळीची अंडी तरंगत नाहीत, पाणगवताच्या काडीला चिकटतात. मंजू रोज सकाळी कमरेइतक्या पाण्यात उतरून काडी न् काडी बोटांनी चाचपायची.

आठवड्यानं ती म्हणाली, "मॅडम, अंडी नाई सापडून राहिली. तलाव रिकामा होऊन राहिला. जाळं नोका टाकू."

पण माझ्या पडद्यावर ठिपकेच ठिपके! मी आकडा दिला, चाळीस हजार. काय ऐट होती माझी! मॅडमनी अंडी बाजूला ठेवून माझ्याच आकड्यावर सही केली. संस्थेचे अध्यक्ष दुलीचंद खूश झाले. "काऊन भेतेस, मंजू? मशीन कायले खोटं बोलंल?" दोन दिवसांत महाजाळ पडलं.

जाळ्यात आलं काय? चिखल, बेशरमच्या झुडपांचा कुजका पाला आणि टोपलीभर मासोळी, पोटं फुगलेली. त्याच उरलेल्या आया. मंजूनं एकीचं पोट दाबलं आणि अंडी तळहातावर घेतली.

चिखल ढवळला तसे पाण्यावर बुडबुडे फुटायला लागले. तेव्हा मला कळलं. तळाशी पाला कुजून हवा वर येत होती आणि मी मूर्ख तिलाच मासे म्हणत होतो. मॅडमनाही कळलं. त्यांनी घाईनं माझा पडदा बंद केला.

सभेत दुलीचंदांनी विचारलं, "चाळीस हजार मासोळी होती, गेली कुठं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "रोज सकाळी पाण्यात कोण फिरून राहिलं होतं?"

सगळ्यांच्या माना मंजूकडे वळल्या. "माह्या लेकरायची आन," ती रडत म्हणाली, "म्या एक मासोळी नाई नेली."

मॅडम टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत बसल्या. चूक कबूल केली तर नोकरी जाईल, ही भीती. दुसऱ्या दिवशी मला इथंच ठेवून निघून गेल्या.

मंजूला तलाव बंद झाला. तिला पाळीवर, तलावाच्या बांधावर, चढायलाही मनाई आहे. तिच्या पोरींना शाळेत चोट्टीच्या पोरी म्हणतात.

परवा दुलीचंदांनी पाहुण्यांसाठी कपाट उघडलं. माझ्यावर हात ठेवून कौतुकानं म्हणाले, "यानंच चोरी पकडून देली." लाज वाटली हो मला. फार लाज वाटली.

मला आवाज सोडता येतो, शब्द नाही. पुष्पांजली मॅडम, तुम्हाला बोलता येतं. एकदा या आणि चारचौघांत सांगा की तलावात चाळीस हजार मासे नव्हतेच, ते बुडबुडे होते. मंजू गाव सोडायला सामान बांधतेय. ती जायच्या आत या.